लोकनेते वसंतदादा पाटील

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात बारामती आणि इंदापूर हे दोन शेजारी तालुके आहेत. हा मूळचा कमी पावसाचा मुलूख. नीरा नदीच्या कालव्याचे पाणी आले आणि येथे ऊस पिकू लागला. पुढे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाने काढले. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगर, अशी या कारखान्यांची ठिकाणे आहेत. कारखान्याबरोबर शाळा आल्या, बँका आल्या आणि निवडणुकाही आल्या. कारखान्याच्या निवडणुकीत तयार झालेले कार्यकर्ते पुढे आमदार झाले, मंत्री झाले. म्हणूनच महाराष्ट्रात उसाचे शेत आणि राजकारण यांचे नाते फार जवळचे आहे.

अशाच एका उसाच्या मुलुखातून, कृष्णाकाठच्या सांगलीतून, वसंतदादा पाटील हे नेते पुढे आले. त्यांनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा घेतली. पण पाच वर्षांची मुदत त्यांना एकदाही पूर्ण करता आली नाही. विशेष म्हणजे, त्यांची खुर्ची विरोधी पक्षाने काढून घेतली नाही. ती प्रत्येक वेळी आपल्याच माणसांच्या भांडणात गेली. त्यांपैकी एका प्रसंगाचे धागेदोरे थेट बारामतीशी जुळलेले आहेत.

वसंतदादांचे पूर्ण नाव वसंतराव बंडूजी पाटील. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. सांगलीजवळचे पद्माळे हे त्यांचे गाव. ते अगदी तान्हे असतानाच प्लेगच्या साथीत त्यांचे आईवडील वारले. आजीने या पोरक्या मुलाला वाढवले. दादांना शाळेत फार शिकता आले नाही. महाविद्यालयाची पायरी तर ते चढलेच नाहीत. पण माणसे ओळखणे, हिशेब तोंडी ठेवणे आणि दिलेला शब्द पाळणे हे ते गावातच शिकले. वयाने लहान असोत वा मोठे, सगळे लोक त्यांना दादा म्हणू लागले. दादा म्हणजे थोरला भाऊ. पुढे हेच त्यांचे नाव झाले.

तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. तरुण वसंतराव त्या लढ्यात उतरले. १९४२ मध्ये महात्मा गांधींनी इंग्रजांना भारत सोडून जाण्यास सांगितले आणि देशभर आंदोलन पेटले. सांगली तेव्हा पटवर्धन राजांचे संस्थान होते. तेथे वसंतरावांनी भूमिगत राहून काम सुरू केले. भूमिगत म्हणजे पोलिसांच्या नजरेआड, लपून राहणे. १९४३ च्या जून महिन्यात ते पकडले गेले आणि त्यांना सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंगात ठेवण्यात आले.

पण दादा तुरुंगात स्वस्थ बसणारे नव्हते. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांवर अचानक झडप घातली, त्यांच्या बंदुका घेतल्या आणि किल्ल्याच्या तटावरून खाली खंदकात उड्या टाकल्या. दिवस पावसाळ्याचे होते. पोलीस पाठलाग करत होते. गोळीबार सुरू झाला. त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण साथीदार हुतात्मा झाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा, १९४६ मध्ये, त्यांची सुटका झाली. त्या वेळी ते २८ वर्षांचे होते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर अनेकांना वाटले की, आता लढाई संपली. दादांना तसे वाटले नाही. शेतकरी गरीबच होता. ऊस पिकवणारा एक आणि साखरेचा पैसा मिळवणारा दुसराच, अशी स्थिती होती. अहमदनगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मदतीने सहकारी साखर कारखाना उभा केला होता. तोच मार्ग दादांनी सांगलीत धरला. गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. भागभांडवल म्हणजे प्रत्येक सभासदाने कारखान्यासाठी दिलेला आपल्या वाट्याचा पैसा. लोकांनी दादांवर विश्वास ठेवून तो दिला. अशा रीतीने सांगलीला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला. सहकारातील आणि समाजसेवेतील कामाबद्दल भारत सरकारने १९६७ मध्ये दादांना पद्मभूषण हा किताब दिला.

१९५२ मध्ये दादा सांगलीचे आमदार म्हणून निवडून आले. काँग्रेस पक्षाचे ते प्रदेशाध्यक्षही झाले. १९७२ मध्ये वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात ते पाटबंधारे मंत्री झाले. धरणे आणि कालवे यांचे काम पाहणारे ते खाते. पाण्याची किंमत ओळखणाऱ्या या माणसाला ते अगदी शोभणारे होते. पुढे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यांचे आणि दादांचे पटले नाही. १९७६ मध्ये दादा मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि आपण राजकारणातून निवृत्त होत आहोत असे त्यांनी जाहीर केले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एका शब्दाची गंमत पाहा. पद सोडताना जे पत्र देतात त्याला मराठीत राजीनामा म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, कारण तो फारसीतून आला आहे. पण उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी मिळून केलेला समझोता. पद सोडण्याला उर्दूत इस्तीफा म्हणतात. एकाच शब्दाचे दोन भाषांत दोन अर्थ झाले. दादांच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ पुन्हा पुन्हा समोर आले. समझोता मोडला की इस्तीफा द्यावा लागे.

१९७७ मध्ये देशाचे राजकारण बदलले. आणीबाणीनंतर झालेल्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा मोठा पराभव झाला. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला केवळ २० मिळाल्या. बारामतीची जागासुद्धा जनता पक्षाचे संभाजीराव काकडे यांनी जिंकली. पराभवानंतर शंकरराव चव्हाणांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मग पक्षाने निवृत्त झालेल्या दादांनाच परत बोलावले आणि त्यांना मुख्यमंत्री केले. एकाच पक्षातला एक नेता गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. पुढच्याच वर्षी हीच पाळी दादांवर येणार होती.

१९७८ च्या आरंभी काँग्रेस पक्ष दुभंगला. एका गटाच्या नेत्या इंदिरा गांधी होत्या. दुसऱ्या गटात महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण, वसंतदादा आणि शरद पवार होते. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी विधानसभेत २८८ जागा होत्या. सरकार बनवण्यासाठी निदान १४५ आमदार हवेत. जनता पक्षाला ९९, दादांच्या काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. कोणालाच बहुमत नव्हते. तेव्हा निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि त्यांनी संयुक्त सरकार बनवले. दादा मुख्यमंत्री झाले. इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. बारामतीचे तरुण आमदार शरद पवार उद्योगमंत्री झाले.

हे सरकार पहिल्या दिवसापासून ओढाताणीत सापडले. तिरपुडे यशवंतरावांवर उघडपणे टीका करत. यशवंतरावांना मानणारे मंत्री आणि आमदार त्यामुळे दुखावले जात. एकाच घरात राहून दोन चुली मांडाव्यात, तसा हा प्रकार होता. दादा दोन्ही बाजूंना सांभाळून घेण्याचा प्रयत्न करत होते. पण आतली धुसफूस वाढतच गेली.

अखेर जुलै १९७८ मध्ये विधानसभेचे अधिवेशन चालू असतानाच शरद पवार मंत्रिमंडळातून बाहेर पडले. सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि दत्ता मेघे हे मंत्रीही त्यांच्याबरोबर गेले. सुमारे ४० आमदारांनी पवारांना साथ दिली. दादांचे बहुमत संपले. त्या काळी पक्षांतराला आळा घालणारा कायदा नव्हता. तो १९८५ मध्ये आला. दादांनी राजीनामा दिला. १८ जुलै १९७८ रोजी पवारांनी जनता पक्ष आणि इतर पक्षांना बरोबर घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनवले. त्या वेळी पवारांचे वय ३७ वर्षांचे होते आणि दादांचे ६०. गंमत अशी की, ज्यांच्या जागी दादा मुख्यमंत्री झाले होते ते शंकरराव चव्हाण या नव्या सरकारात मंत्री झाले.

या घटनेवर लोकांनी दोन प्रकारे विचार केला. काहींना वाटले की, हा दादांच्या पाठीत खुपसलेला खंजीर आहे. ज्याला धाकट्या भावासारखे मानले, त्यानेच दगा दिला. पवारांच्या बाजूचे लोक म्हणत की, भांडणाऱ्या दोन गटांचे ते सरकार चालणे शक्यच नव्हते; कोणीतरी ते थांबवणे भागच होते. पुढे अनेक वर्षे महाराष्ट्रात हा वाद चालू राहिला. वाद कोणत्याही बाजूने मिटवला तरी एक गोष्ट खरी होती. तुरुंगाच्या तटावरून उडी मारताना पाठीशी जीव देणारे साथीदार असलेल्या माणसाला आता आपलेच साथीदार सोडून गेले होते.

पवारांचे सरकारही फार टिकले नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्र सरकारने ते बरखास्त केले. त्याआधीच्या महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली होती. काँग्रेसमधली फूट आता घराघरांत पोहोचली होती. बारामती मतदारसंघातून इंदिरा काँग्रेसतर्फे इंदापूरचे जुने नेते शंकरराव बाजीराव पाटील निवडून आले. बारामती आणि इंदापूर हे शेजारी तालुके, दोन्हीकडे तोच ऊस आणि तोच कालवा. पण तेथील नेते आता वेगवेगळ्या काँग्रेसमध्ये होते. सांगलीतून दादाही इंदिरा काँग्रेसतर्फे खासदार झाले आणि पुढे पक्षाचे सरचिटणीस म्हणून काम करू लागले.

फेब्रुवारी १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. या वेळी त्यांनी घेतलेला एक निर्णय तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेव्हा महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालये थोडी होती. प्रवेश न मिळालेली मुले शिकण्यासाठी कर्नाटकात जात. दादांनी खाजगी संस्थांना सरकारी अनुदानाशिवाय अशी महाविद्यालये काढण्याची परवानगी दिली. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम संस्थेचे साबू सिद्दिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. पुढे बारामतीला आणि इंदापूर तालुक्यातही अशी महाविद्यालये निघाली. या महाविद्यालयांची फी गरिबांना परवडत नाही, अशी टीकाही झाली, आणि ती खोटी नव्हती. तरीही हजारो मुलामुलींना आपल्याच राज्यात इंजिनिअर होता आले. स्वतः महाविद्यालयात न गेलेल्या माणसाने हे दार उघडले होते.

मार्च १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला १६१ जागांचे स्पष्ट बहुमत मिळाले. दादांनी चौथ्यांदा शपथ घेतली. आता सरकारला धोका नाही, असे सर्वांना वाटले. पण दिल्लीतील पक्षश्रेष्ठींनी प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमले. ही नेमणूक दादांना मान्य नव्हती. आपल्या राज्यातला निर्णय आपल्याला न विचारता होतो, हे त्यांना सहन झाले नाही. जून १९८५ मध्ये, शपथ घेऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. या वेळी आमदार त्यांना सोडून गेले नव्हते. बहुमत हाती असताना त्यांनी स्वतः खुर्ची सोडली. त्यांच्या जागी शिवाजीराव पाटील निलंगेकर आले.

त्यानंतर दादांना राजस्थानचे राज्यपाल करण्यात आले. जयपूरच्या राजभवनात मान होता, आराम होता. पण तेथे त्यांचे मन रमले नाही. बांधावर बसून शेतकऱ्यांशी बोलणारा माणूस तो. १९८७ मध्ये मुदत संपण्याआधीच त्यांनी राज्यपालपदही सोडले आणि ते महाराष्ट्रात परतले.

दरम्यान, डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवार काँग्रेसमध्ये परत आले होते. ज्या पक्षाचे सरकार त्यांनी १९७८ मध्ये पाडले होते, त्याच पक्षाच्या एका छताखाली आता ते आणि दादा होते. पवारांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे की, राज्यातल्या नेतृत्वाचा प्रश्न आला तेव्हा दादांनीच त्यांच्या नावाला पाठिंबा दिला. जून १९८८ मध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री झाले. मनात राग धरून बसणे दादांना सोपे होते. दहा वर्षांपूर्वीचा घाव आठवून त्यांनी अडवणूक केली असती, तरी कोणी नवल मानले नसते. पण त्यांनी तसे केले नाही.

१ मार्च १९८९ रोजी मुंबईत वसंतदादांचे निधन झाले. सांगलीला कृष्णेच्या काठी त्यांची समाधी आहे. पुण्याजवळ मांजरी येथे उसावर आणि साखरेवर संशोधन करणारी एक संस्था आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला दादांच्या निधनानंतर त्यांचे नाव देण्यात आले. त्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची धुरा शरद पवारांनीच अनेक वर्षे वाहिली. बारामती-इंदापूरचे शेतकरी आजही उसाच्या नव्या जातींची माहिती या संस्थेकडून घेतात.

पक्षातल्या भांडणातून सत्ता जाण्याची कहाणी दादांबरोबर संपली नाही. जुलै २०२३ मध्ये शरद पवारांनी स्थापन केलेल्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातच फूट पडली आणि पुतणे अजित पवार बहुतेक आमदारांना घेऊन सरकारात सामील झाले. त्या दिवशी अनेक जुन्या लोकांना १९७८ चा जुलै आठवला.

सत्तेची खुर्ची आज एकाची असते, उद्या दुसऱ्याची. वसंतदादांनीही तिच्यासाठी राजकारण केले. तेही गटातटांपासून दूर नव्हते. पण खुर्ची गेल्यावर त्यांच्याकडे परत जाण्यासाठी गाव होते, कारखाना होता, शेतकरी होते. म्हणून पद सुटले तरी त्यांचे काम थांबले नाही आणि लोकांनी त्यांना दादा म्हणणेही सोडले नाही.

स्वाध्याय

१. वसंतदादांचे बालपण कसे गेले?
२. सांगलीच्या तुरुंगातून दादांनी सुटका कशी करून घेतली? त्याची काय किंमत द्यावी लागली?
३. १९७८ मध्ये दादांचे सरकार का पडले? लोकांनी या घटनेकडे कोणत्या दोन प्रकारे पाहिले?
४. १९७८ चा राजीनामा आणि १९८५ चा राजीनामा यांत कोणता फरक आहे?
५. मराठीत आणि उर्दूत वेगवेगळा अर्थ असलेले आणखी तीन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
६. आपल्याला दुखावणाऱ्या माणसाला पुढे मदत करणे योग्य आहे का? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.